परदेशातून घरी पैसे पाठवायचेत? मग बँकेचा विचार गावाकडून सुरू करा

(या भागाचा लिखित मजकूर. ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी. अडखळणं आणि मध्येच आलेला प्रेशर कुकरचा आवाज काढून टाकलाय, बाकी जसं बोललो तसंच.)



आजचा विषय तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी मागितलेला. कुणाला व्हिसा मिळालाय, कुणाचं ऑफर लेटर आलंय, कुणी भाषेचा क्लास लावलाय. आणि सगळ्यांचा प्रश्न एकच: "दादा, तिकडं कोणती बँक चांगली?"

प्रश्न बरोबर आहे. पण मला वाटतं आपण तो उलट्या टोकाकडून विचारतो. माझी गोष्ट सांगतो, म्हणजे कळेल.

मी इस्लापूरचा. किनवट तालुका, नांदेड जिल्हा. सहस्रकुंड धबधबा माहीत असेल तर त्याच्या जवळचं गाव. बीटेक केलं, पुण्यात चार वर्षं नोकरी केली आणि मग जर्मनीत आलो. यायच्या आधी महिनाभर मी इथल्या बँकांची तुलना करत बसलो होतो. एक्सेल शीट बनवली होती हो! कार्ड कोणतं, ॲप कोणतं, महिन्याची फी किती. घरच्या टोकाला काय आहे, तो कॉलमच त्या शीटमध्ये नव्हता.

पहिला पगार झाला. मी पाचशे युरो बाबांच्या खात्यावर पाठवले. ॲपवर हिरवी टिक आली. मी फोन केला, "बाबा, पैसे टाकलेत, दोन दिवसांत येतील." दोन दिवस झाले, चार झाले. बाबा तीनदा बँकेत जाऊन आले. मग आईचा फोन: "बाळा, ते साहेब म्हनतेत नावच जमंना गेलंय. आता कसं करावं?"

झालं काय होतं? बाबांना गावात ज्या नावानं ओळखतात ते नाव मी टाकलं होतं. पासबुकावर वेगळं. पैसे फिरून माझ्याकडं परत आले, तेही दोन्हीकडचे चार्जेस कापून. आणि त्या आठवड्यात माझ्या एज्युकेशन लोनचा हप्ता होता.

तेव्हापासून मी एक नियम केलाय. पैसे पाठवायची साखळी शेवटच्या कडीपासून तपासायची. शेवटची कडी म्हणजे आईच्या हातात पडलेली नोट. तिथून मागं मागं यायचं: घरचं खातं, मग माझं भारतातलं खातं, मग पाठवायचा मार्ग, आणि सगळ्यात शेवटी तिकडची बँक. आजचा एपिसोड याच क्रमानं.

हा विषय आत्ताच का?

रिझर्व्ह बँकेचं २०२३-२४ सालचं सर्वेक्षण आहे. परदेशातून भारतात येणाऱ्या पैशात पहिला नंबर महाराष्ट्राचा, साधारण २०.५ टक्के. केरळ दुसरं, १९.७. ऐकून आश्चर्य वाटतं ना? पण फरक बघा. केरळात आखाती देशांत जाणं ही दोन-तीन पिढ्यांची सवय आहे. तिथल्या गावातल्या आजीलाही एनआरई खातं माहीत असतं. आपल्याकडं किनवट, हिमायतनगर, भोकर या पट्ट्यात अजूनही बऱ्याच घरांतला बाहेर जाणारा पहिलाच माणूस तुम्ही असता. विचारायला घरात कुणी नसतं.

आणि आता फक्त आयटीवालेच जातात असंही नाही. महाराष्ट्र सरकारनं फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल कामगार पाठवायचा करार केला. ऑक्टोबर २०२४ मध्ये जर्मनीनं भारतातल्या कुशल लोकांसाठीचे व्हिसा वर्षाला २० हजारांवरून ९० हजारांपर्यंत नेणार असं जाहीर केलं. म्हणजे उद्या नर्स, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर, सगळ्यांनाच हा प्रश्न पडणार आहे.

कडी पहिली: घरचं खातं

निघायच्या आधी एक दिवस आई-बाबांसोबत बँकेत जा. खरंच जा. पासबुक हातात घ्या आणि या गोष्टी बघा.

एक, नाव. पासबुकावर, आधारवर आणि पॅनवर नाव कसं लिहिलंय? आपल्याकडं आडनाव आधी, कधी वडिलांचं नाव मध्ये, कधी फक्त इनिशियल. तिन्ही ठिकाणी वेगळं असेल तर आत्ताच दुरुस्त करा. पैसे पाठवताना स्पेलिंग पासबुकावर आहे तेच, अक्षरन् अक्षर.

दोन, आयएफएससी कोड. अकरा अक्षरांचा असतो आणि पाचवं अक्षर नेहमी शून्य. जुन्या पासबुकावरचा कोड टाकू नका. आपल्या भागात तर याचं खास कारण आहे. मराठवाड्यात गावोगावी असलेली स्टेट बँक ऑफ हैदराबाद १ एप्रिल २०१७ ला स्टेट बँक ऑफ इंडियात विलीन झाली. 'एसबीएचवाय'नं सुरू होणारे कोड गेले, 'एसबीआयएन'चे आले. बाबांची पासबुकं मात्र अजून तीच, प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली! नवं पासबुक मागा.

तीन, केवायसी आणि मोबाईल नंबर. खात्याला कोणता नंबर जोडलाय? बऱ्याच घरांत तो मुलाचाच असतो. तुम्ही निघालात की ओटीपी पण तुमच्यासोबत विमानात! आई-बाबांच्या खात्याला त्यांचाच नंबर हवा.

चार, पैसे काढणार कसे? एटीएम कार्ड चालू आहे का, पिन आठवतो का, की अंगठा लावून बँकमित्राकडून काढणार? आईला एकदा समोर उभं राहून शंभर रुपये काढायला लावा. माझ्या आईनं आयुष्यात पहिल्यांदा एटीएम वापरलं ते मी सुट्टीवर आलो तेव्हा. आधी दीड वर्ष ती शेजारच्या पोराच्या हाती कार्ड आणि पिन दोन्ही देत होती. पोरगं चांगलं होतं म्हणून निभावलं.

तर बँक निवडायची पहिली कसोटी ही. आई-बाबा जिथं चालत किंवा एका ऑटोनं जाऊ शकतात आणि जिथं त्यांना कुणी ओळखतं, ती बँक. व्याज अर्धा टक्का कमी असलं तरी चालेल.

कडी दुसरी: तुमचं भारतातलं खातं

इथं नव्वद टक्के लोक चुकतात, असं मी माझ्या मित्रांवरून म्हणतोय हां, आकडा सर्वेक्षणातला नाही!

तुमचं पगाराचं जे साधं सेव्हिंग खातं आहे, ते तुम्ही नोकरीसाठी परदेशी गेल्यावर तसंच चालू ठेवता येत नाही. परकीय चलनाचा जो कायदा आहे, फेमा, १९९९ चा, त्यानुसार नोकरीसाठी बाहेर पडलात की तुम्ही अनिवासी. शिकायला जाणाऱ्यांनाही रिझर्व्ह बँक २००३ पासून अनिवासीच धरते. इन्कम टॅक्सचं १८२ दिवसांचं गणित वेगळं, त्याच्याशी याची गल्लत करू नका. बँकेला कळवायचं आणि ते खातं 'एनआरओ' करून घ्यायचं.

मग ही दोन नावं समजून घेऊ. एनआरओ आणि एनआरई.

एनआरओ म्हणजे भारतात मिळणाऱ्या पैशासाठी. घरभाडं, जुनी एफडी, पीएफ, शेअरचा डिव्हिडंड. त्याच्या व्याजावर भारतात कर लागतो आणि बँक आधीच ३० टक्के अधिक सेस कापून घेते. त्यातले पैसे परत परदेशी न्यायला वर्षाला दहा लाख डॉलरची मर्यादा आणि फॉर्म भरायची कटकट.

एनआरई म्हणजे परदेशात कमावलेल्या पैशासाठी. बाहेरून आलेले युरो इथं रुपये होऊन बसतात. व्याजावर भारतात कर नाही आणि पैसे कधीही परत नेता येतात. भारतात मिळालेलं भाडं किंवा कुणी दिलेली रोख रक्कम मात्र यात टाकता येत नाही. आणि एनआरई एफडी किमान एक वर्षाची.

सोपं लक्षात ठेवायचं तर एनआरओ म्हणजे गावाकडचं पाणी, एनआरई म्हणजे बाहेरून आलेलं पाणी. दोन वेगळ्या टाक्या. एनआरईच्या टाकीतून एनआरओत सोडता येतं, उलटं सोडायचं तर कागद लागतात.

हे काम निघायच्या आधी करा. व्हिसा लागलेला पासपोर्ट आणि ऑफर लेटर दाखवलं की बऱ्याच बँका अर्ज घेतात. तिकडं गेल्यावर करायचं म्हटलं तर कागद वकिलातीतून किंवा नोटरीकडून साक्षांकित करा, कुरिअर करा, सही जमली नाही म्हणून परत मागवा. माझे दोन महिने यात गेले.

दुसरी गोष्ट, भारतातलं सिमकार्ड. ते बंद पडलं की ओटीपी बंद आणि ओटीपी बंद म्हणजे खातं असून नसल्यासारखं. माझं पोस्टपेड मी ऐटीत बंद करून आलो होतो. पुढच्या महिन्यात लोनचा हप्ता भरायला लॉगिन केलं तर ओटीपी त्या बंद नंबरवर. हप्ता चुकला. नंबर बदलायला बँकेनं 'शाखेत या' म्हणून सांगितलं. मी फ्रँकफर्टमध्ये, शाखा पुण्यात. शेवटी बाबांनी सोयाबीनचे आलेले पैसे लोनला भरले. ते काही बोलले नाहीत. पण मला आठवडाभर झोप नव्हती. तर मंडळी, एखादा स्वस्त प्लॅन टाकून सिम जिवंत ठेवा, आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू आहे ना ते बघा, आणि बँक परदेशी नंबर किंवा ईमेलवर ओटीपी देत असेल तर तेही नोंदवून ठेवा.

परदेशी नंबरवर यूपीआय चालतं का? एनपीसीआयनं जानेवारी २०२३ मध्ये दहा देशांचे नंबर एनआरई-एनआरओ खात्यांना जोडायला परवानगी दिली. त्यात अमेरिका, ब्रिटन, सिंगापूर, यूएई, सौदी, कतार होते. जर्मनी त्या यादीत नव्हतं. तुमच्या देशाचं आधी बँकेत विचारून घ्या.

कडी तिसरी: पैसे जातात कसे?

आता जरा इंजिनिअरचं डोकं लावू. पैसे 'जातात' म्हणजे काय? नोटा तर जात नाहीत. जातो तो निरोप.

बँकेतून बँकेत पाठवलं की ते स्विफ्टनं जातं. स्विफ्ट ही १९७३ मध्ये बेल्जियममध्ये सुरू झालेली निरोपांची व्यवस्था आहे. ती स्वतः पैसे हलवत नाही. तुमची बँक निरोप देते, "यांना अमुक द्या", आणि बँकांची एकमेकांकडं जी खाती असतात त्यात जमा-खर्च होतो. दोन बँकांचं थेट खातं नसेल तर मध्ये तिसरी बँक येते, आणि ती स्वतःचा चहापाण्याचा खर्च त्याच रकमेतून काढून घेते! शिवाय गावातल्या प्रत्येक शाखेला स्विफ्ट कोड नसतो. मग पैसे आधी मोठ्या शाखेत उतरतात आणि तिथून आपल्या शाखेत.

पैसे पाठवणाऱ्या ॲपचं वेगळं असतं. त्यांच्याकडं जर्मनीत युरोचा साठा असतो आणि भारतातल्या भागीदार बँकेत रुपयांचा. तुम्ही जर्मनीतल्या त्यांच्या खात्यात युरो टाकता, ते भारतातल्या साठ्यातून बाबांना रुपये देतात. बाबांच्या खात्यात ते साध्या एनईएफटी किंवा आयएमपीएससारखे येतात, म्हणून लवकर येतात.

तिसरा प्रकार म्हणजे काउंटरवर रोख. तिकडं भरा, इकडं ओळखपत्र दाखवून घ्या. अडीअडचणीला ठीक. यात रिझर्व्ह बँकेची मर्यादा आहे: एका वेळी २,५०० डॉलर, एका माणसाला वर्षात ३० वेळा, आणि हातात रोख जास्तीत जास्त ५० हजार रुपये.

'झिरो फी'चं गणित

आता आजच्या एपिसोडमधला सगळ्यात महत्त्वाचा भाग. इथं ऐकणं सोडू नका.

कंपनी पैसे दोन ठिकाणी घेते. एक फी, जी दिसते. दुसरी दरातली तफावत, जी दिसत नाही. गुगलवर युरोचा जो दर दिसतो तो बाजारातला दर. तुम्हाला मिळतो त्यापेक्षा कमी.

हे आपल्या भागाला नवीन नाही बरं का. निजामाच्या राज्यात हैदराबादचा स्वतःचा रुपया होता, हाली सिक्का. इंग्रजांच्या रुपयाला कलदार म्हणायचे. १९५० मध्ये भारतीय रुपया सुरू झाला तेव्हा सात हाली म्हणजे सहा भारतीय रुपये असा हिशेब होता. म्हणजे आपले पणजोबा विदर्भात बैल विकायला गेले तर परत येताना 'आज भाव काय लावला' हे बघतच असणार. आपण ॲपवरची हिरवी टिक बघून खूश होतो!

उदाहरण घेऊ. हिशेबाला सोपं म्हणून धरा बाजारात १ युरो = १०० रुपये. तुमच्या खिशात १,००० युरो आहेत. (आकडे समजावण्यासाठी घेतलेत.)

पहिला पर्याय: 'झिरो फी' ॲप, दर ९७.५०. घरी पोहोचले ९७,५०० रुपये.

दुसरा पर्याय: फी ६ युरो, दर ९९.८०. उरले ९९४ युरो, घरी पोहोचले ९९,२०१ रुपये.

तिसरा पर्याय: बँकेतून स्विफ्ट. फी १५ युरो, मधल्या बँकेनं कापले १२, उरले ९७३. भारतातल्या बँकेनं दर लावला ९८.६०. झाले ९५,९३८. त्यातून चलन बदलण्यावरचा जीएसटी जातो साधारण १७३ रुपये. पोहोचले ९५,७६५.

बघा! 'झिरो फी'वाल्यापेक्षा फी घेणाऱ्यानं १,७०१ रुपये जास्त पोहोचवले. स्विफ्टपेक्षा ३,४३६ जास्त. दर महिन्याला पाठवत असाल तर वर्षाला अनुक्रमे वीस हजार आणि एक्केचाळीस हजारांच्या वर. एवढ्यात घरी बियाण्या-खताचा केवढा भार हलका होतो, ते तुमच्या बाबांना विचारा.

म्हणून फी विचारू नका आणि दरही विचारू नका. एकच प्रश्न विचारा: "माझ्याकडून बरोबर १,००० युरो गेले तर घरच्या खात्यात किती रुपये दिसतील?" दोन-तीन ठिकाणी एकाच वेळी हा आकडा बघा. पहिल्या ट्रान्सफरची ऑफर वेगळी असते, दुसऱ्यांदाचा दर बघा. मोठी रक्कम असेल तर स्विफ्टही कधी परवडतं, कारण तिथली फी बऱ्याचदा ठरावीक असते. मग बँकेला आधीच विचारा की मधल्या बँकेचे चार्जेस कोण भरणार.

आणि कंपनी खरी आहे का, हे त्या देशाच्या नियामकाच्या यादीत बघा. जर्मनीत ती यादी 'बाफिन'च्या वेबसाइटवर असते.

"भाऊ, रुपये दे, युरो घे"

परदेशात गेलात की एक व्हॉट्सॲप ग्रुप मिळतोच. तिथं रोज मेसेज: "कुणाला रुपये हवेत? गुगलचा दर देतो, फी नाही." तुम्ही त्याला जर्मनीत युरो देता, त्याचा कुणीतरी इकडं बाबांच्या खात्यात रुपये टाकतो.

नका करू. कारण साधं आहे, ते रुपये कुणाचे हे तुम्हाला माहीत नसतं. ते सायबर फसवणुकीतले असले तर तक्रार झाल्यावर पोलीस पैशाचा माग काढत बाबांच्या खात्यापर्यंत येतात आणि खातं गोठतं. बाबांना विचारतात, "हा माणूस कोण? पैसे कशाचे?" बाबा काय सांगणार? शिवाय अधिकृत मार्ग सोडून असा व्यवहार फेमाचं उल्लंघन आहे, दंड रकमेच्या तिप्पटीपर्यंत जाऊ शकतो. हवाल्याचंही तेच. वाचतात हजार-दोन हजार, आणि पणाला लागते ती घरच्यांची झोप.

कर लागतो का?

हा प्रश्न नेहमी येतो. मुलानं किंवा मुलीनं आई-वडिलांना पाठवलेले पैसे ही नातेवाईकाकडून आलेली भेट, त्यावर त्यांना भारतात कर नाही, रक्कम कितीही असो. पण त्या पैशाची त्यांनी एफडी केली तर व्याज त्यांचं उत्पन्न धरलं जातं. पाठवताना कारण विचारलं तर 'कुटुंबाचा निर्वाहखर्च' निवडा, त्याचा कोड पी१३०१.

यातून माझा एक नियम: घरखर्चाचे पैसे थेट आई-बाबांच्या खात्यात, माझी बचत माझ्या एनआरई खात्यात. दोन्ही एकत्र करायचं नाही. सगळं बाबांच्या नावावर ठेवलं तर उद्या बहिणीला, भावाला, तुम्हाला, कुणालाच कळत नाही कुणाचं किती. पैशावरून घरं मोडतात ती पैसे कमी असल्यानं नाही, हिशेब नसल्यानं.

जर्मनीत राहणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. एनआरईचं व्याज भारतात करमुक्त असलं तरी जर्मनीत ते तुमचं उत्पन्नच आहे, तिथल्या रिटर्नमध्ये दाखवावं लागतं. एकट्या माणसाला सगळं व्याज-डिव्हिडंड मिळून वर्षाला १,००० युरोपर्यंत सूट आहे. आणि चांगली बातमी: आई-वडील खरोखर तुमच्यावर अवलंबून असतील तर त्यांना पाठवलेल्या पैशाची जर्मन करात काही प्रमाणात वजावट मागता येते. भारतासाठी मर्यादा कमी आहे आणि पुरावे लागतात. पण २०२५ पासून अट आहे की पैसे त्यांच्या खात्यात बँकेनंच गेलेले हवेत, सुट्टीत नेऊन दिलेली रोख चालत नाही. म्हणून प्रत्येक पावती जपा.

अमेरिकेतल्या श्रोत्यांसाठी: १ जानेवारी २०२६ पासून तिथून रोखीनं पाठवलेल्या पैशावर १ टक्का कर आहे. बँक खात्यातून किंवा तिथल्या डेबिट कार्डानं पाठवलं तर तो लागत नाही.

जमिनीचं काय?

हा आपल्या भागातला खास प्रश्न. दुसऱ्या वर्षी बाबांचा फोन आला, "शेजारचं दोन एकर निघालंय. तुझ्या नावानं घेऊन टाकू."

मला काय बोलावं कळेना. कारण अनिवासी भारतीयाला भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही. फ्लॅट, प्लॉट चालतो. वारसानं आलेली किंवा जायच्या आधी घेतलेली शेती ठेवता येते. नवी शेती मात्र घेता येत नाही. बाबांना हे पटायला वेळ लागला. म्हणाले, "आरे, आपल्याच गावात, आपल्याच पैशानं?" हो बाबा, तरीही.

मग आम्ही काय केलं? मी पैसे बाबांना भेट म्हणून दिले, त्यांनी जमीन स्वतःच्या नावावर घेतली. पण त्याआधी बहिणीला फोनवर घेऊन सगळं सांगितलं, की ही जमीन आता बाबांची आणि पुढं तिच्यात तिचाही हक्क. अवघड बोलणं होतं. पण रजिस्ट्रीच्या आधी झालं म्हणून गोडीत झालं.

शेवटची कडी: तिकडची बँक

आता तुमचा मूळ प्रश्न. बघा, इथपर्यंत आल्यावर तो किती छोटा झाला!

जर्मनीत ढोबळ चार प्रकार: गावागावांत शाखा असलेल्या श्पारकासं, सहकारी फोक्सबांक-राइफायझनबांक, मोठ्या खाजगी बँका, आणि फक्त ॲपवरच्या बँका. ते राइफायझन नाव लक्षात ठेवा. एकोणिसाव्या शतकात या माणसानं जर्मन खेड्यांत शेतकऱ्यांच्या पतसंस्था काढल्या. त्याच नमुन्यावरून १९०४ चा आपला सहकारी पतसंस्था कायदा आला. म्हणजे गावातली सोसायटी आणि इथली ही बँक, दोघी चुलत बहिणीच!

निवडताना एवढंच बघा. पगार सुरू झाल्यावर महिन्याची फी माफ आहे का? तुमच्या पासपोर्टवर ओळख पडताळणी होते का? काही ॲपवाल्यांच्या व्हिडिओ पडताळणीत भारतीय पासपोर्ट चालत नाही. जर्मन येत नसेल तर इंग्रजीत कुणी बोलतं का? पत्त्याची नोंदणी, म्हणजे 'आनमेल्डुंग', बऱ्याच ठिकाणी आधी मागतात, त्यामुळं पोहोचल्यावर पहिलं काम ते. कुणीच खातं देत नसेल तरी घाबरू नका: २०१६ पासून कायद्यानं 'बाझिसकोंटो', म्हणजे मूलभूत खातं, मिळायचा हक्क आहे. ठेवींना एका बँकेत एका माणसाला १ लाख युरोपर्यंत संरक्षण आहे. भारतात हेच संरक्षण ५ लाख रुपये, फेब्रुवारी २०२० पासून.

पगार तिथं बहुतेक महिनाअखेरीस होतो. म्हणून पहिल्या दीड-दोन महिन्यांचा खर्च सोबत ठेवा, कार्डावर आणि थोडा रोख.

जाता जाता, उजळणी

निघायच्या आधी: आई-बाबांचं पासबुक, नाव, नवा आयएफएससी, त्यांचा स्वतःचा मोबाईल नंबर. तुमचं सेव्हिंग एनआरओ, सोबत नवं एनआरई. सिम जिवंत.

गेल्यावर: आधी ५० युरो पाठवून बघा. आईनं ते प्रत्यक्ष काढून हातात घेतले, की मग मोठी रक्कम.

नेहमी: 'घरी किती पोहोचले' हाच आकडा, आणि प्रत्येक पावती एका फोल्डरमध्ये.

आणि आई-बाबांना हे एक वाक्य पाठ करून द्या: पैसे घ्यायला कधीच पिन लागत नाही, ओटीपी लागत नाही आणि आधी पैसेही भरावे लागत नाहीत. "तुमच्या मुलानं परदेशातून पार्सल पाठवलंय, कस्टमची फी भरा" असा फोन आला तर ठेवून द्यायचा आणि तुम्हाला कॉल करायचा. फसवणूक झालीच तर लगेच १९३० ला फोन.

आता दर महिन्याला पैसे जमा झाले की आईचा फोन येतो. ती रक्कम सांगते, शेवटच्या रुपयापर्यंत. मग म्हणते, "आले बघ. तू जेवलास का?" मी ॲपवरची हिरवी टिक आता बघतच नाही. आईचा हा फोन आला की समजायचं, व्यवहार पूर्ण झाला.

हा भाग त्या मित्राला पाठवा ज्याचा व्हिसा आलाय आणि जो सध्या बॅगेच्या वजनाची काळजी करतोय. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि घरी फोन करा!